वाचकांचे प्रश्न : मँचेस्टरहून लंडन, दोघंच

प्रश्न : ताई, मुलगा मँचेस्टरला असतो, आम्ही दोघं सध्या त्याच्याकडे आलोय, वय दोघांचंही साठीच्या पुढे. त्याला सुट्टी नाही म्हणून दोघंच लंडन बघून यावं म्हणतो, पण सकाळच्या ट्रेनचं एकेरी तिकीट माणशी दीडशे पौंडांच्या वर दिसलं आणि धडकी भरली. एवढं खरंच लागतं का?

उत्तर : नाही हो काका, अजिबात नाही, आणि त्या आकड्याला घाबरून लंडन रद्द तर मुळीच करू नका. तुम्ही बघितलंत ते एनीटाइम तिकीट असणार, म्हणजे कुठल्याही वेळेची कुठलीही गाडी पकडा, आणि ते मुख्यतः ऑफिसच्या खर्चाने फिरणाऱ्यांसाठी. तुम्हाला हवंय अॅडव्हान्स, ते साधारण बारा आठवडे आधीपासून मिळायला लागतं, जितकं लवकर घ्याल तितकं सहसा स्वस्त, फक्त ज्या गाडीचं घेतलंत त्याच गाडीने जायचं, आपल्या चुकीने गाडी चुकली तर नवीन तिकीट काढावं लागतं. वेळेचं बंधन नकोच असेल तर मधला मार्ग ऑफ-पीक, गर्दीची वेळ सोडून कुठलीही गाडी चालते.

आता रेलकार्ड, म्हणजे तिकिटावर सूट मिळवून देणारं कार्ड. हे मी भेटेल त्याला सांगते कारण आपली बरीच माणसं उगाच पूर्ण भाडं भरतात. सीनियर रेलकार्ड साठीच्या पुढच्यांना मिळतं पण ते प्रत्येकाला वेगळं घ्यावं लागतं. तुम्ही दोघं बरोबरच फिरणार तर टू टुगेदर घ्या, दोघांत एकच कार्ड, त्यावर दोघांचे फोटो, 2025 पासून किंमत 35 पौंड, एक वर्ष चालतं आणि भाड्यात एक तृतीयांश सूट. समजा अॅडव्हान्स माणशी चाळीसला मिळालं, तर दोघांचं जाऊन-येऊन एकशे साठ, त्यातले पन्नासच्या वर वाचले, म्हणजे कार्ड पहिल्याच फेरीत वसूल! अट एवढीच की दोघांनी एकत्र प्रवास करायचा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. तिकीट रेल्वे कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढा, बुकिंग फी लागत नाही, काही अॅप लावतात.

गाडीचं दार आपोआप उघडेलच असं नाही. दाराजवळच्या बटणाभोवती लाईट लागला की ते दाबायचं, नाहीतर माणसं नुसती उभी राहतात आणि उतरायचं राहून जातं. परत येताना लंडनच्या युस्टन स्टेशनवर प्लॅटफॉर्मचा नंबर अगदी थोडा वेळ आधी बोर्डावर येतो आणि तो आला रे आला की अख्खा हॉल एकदम चालायला लागतो, तुम्ही घाई करू नका, पण दारं सुटायच्या वेळेआधीच बंद होतात म्हणून बोर्डासमोरच थांबा, चहा आधीच पिऊन घ्या. आणि गाडी पंधरा मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचली तर डिले रिपे, म्हणजे उशिराची भरपाई, मागा, फॉर्म ऑनलाइन असतो, अठ्ठावीस दिवसांच्या आत भरायचा. तो आपला हक्क आहे, सोडू नका.

लंडनमध्ये बस आणि ट्यूबला (म्हणजे भुयारी रेल्वेला) कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं पण प्रत्येकाचं वेगळं हवं. ट्यूबला आत जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवायचं, बसला फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे 2014 पासून घेतच नाहीत.

प्रश्न : मी नुकतीच शेफील्डला नोकरीसाठी आलेय. ऑफिसमध्ये सगळे सारखे "यू ऑलराइट?" विचारतात, मी आजारी दिसते का? आणि एका कलीगने शनिवारी "टी"ला बोलावलंय, साडेपाचला, काही खाऊन जाऊ का?

उत्तर : अगं नाही, तू छान दिसत असणार! ते नुसतं नमस्कार म्हणण्यासारखं आहे, "यू ऑलराइट?" असंच परत म्हणायचं आणि चालू पडायचं, तब्येतीचं सांगत बसू नकोस. खाऊन मात्र अजिबात जाऊ नको, उत्तरेकडे टी म्हणजे बहुतेक वेळा संध्याकाळचं जेवण, त्यामुळे मांसाहार करत नसशील तर आजच सांगून टाक, इथे लोक ते आवर्जून विचारतात आणि सांगितलेलं त्यांना आवडतं. आणि दुकानदाराने "लव्ह" म्हटलं तर दचकू नको, यॉर्कशायरमध्ये, म्हणजे तुझ्या शेफील्डच्या भागात, ते आजीबाईंपासून बस ड्रायव्हरपर्यंत सगळे सगळ्यांना म्हणतात, मला तर फार गोड वाटतं.

प्रश्न : 25 डिसेंबरला बर्मिंगहॅमहून हीथ्रोला जायचंय, पहाटेची ट्रेन मिळेल ना?

उत्तर : नाही मिळणार. त्या दिवशी देशभर ट्रेन बंद, लंडनची ट्यूब आणि बसही बंद, 26 तारखेलाही बऱ्याच मार्गांवर काही नसतं. लांब पल्ल्याच्या काही कोच, म्हणजे बसगाड्या, धावतात, त्यांचं बुकिंग आत्ताच बघा, नाहीतर 24 ला दुपारपर्यंत पोचून विमानतळाजवळ मुक्काम करा. टॅक्सी ठरवणार असाल तर भाडं आधी विचारून घ्या, त्या दिवशी ते वाढलेलं असतं.