लफ्रॉइगला दवाखान्याचा वास का येतो?

मित्राने परदेशातून आणलेली लफ्रॉइग ही स्कॉच व्हिस्की उघडल्यावर टिंक्चर आयोडीनसारखा वास आला, म्हणून माल बनावट आहे का, असं तुम्ही विचारलंत. केवळ वासावरून शंका येत असेल तर ती सोडून द्या. हा वास नसता, तर मी काळजी केली असती.

लफ्रॉइगची डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्की गाळण्याचा कारखाना, स्कॉटलंडच्या आयला बेटावर, अगदी समुद्रकाठी आहे. तिथे झाडं कमी, त्यामुळे इंधन म्हणजे पीट. दलदलीत शेवाळ आणि झुडपं हजारो वर्षं दबून तयार झालेली ही काळी माती वाळवून जाळतात. मटकीला आणतो तसे बार्लीला मोड आणायचे आणि ते दाणे ओलसर असतानाच पीटचा धूर द्यायचा. धुरातली फिनॉल आणि क्रेसॉल ही रसायनं दाण्यांच्या सालीत मुरतात. क्रेसॉल जंतुनाशकांतही वापरतात, म्हणूनच आपल्या नाकाला दवाखाना आठवतो. आज बहुतेक डिस्टिलऱ्या तयार माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, विकत घेतात. लफ्रॉइगमध्ये मात्र गरजेपैकी थोडं माल्ट अजूनही स्वतःच्या आवारात फरशीवर पसरून, फावड्याने उलटंपालटं करून बनवतात. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा याच वासाच्या जोरावर ती तिथे औषध म्हणून विकली गेली. आपल्याकडच्या दारूच्या परवान्यावर आजही 'आरोग्यासाठी' असंच लिहिलेलं असतं, हे तुम्ही पाहिलंच असेल.

फारसं कोणाला माहीत नसलेला किस्सा शेजाऱ्याचा आहे. शेजारच्या लागाव्हुलिन डिस्टिलरीचे पीटर मॅकी लफ्रॉइगचे विक्री प्रतिनिधी होते. १९०७ मध्ये ते काम हातचं गेलं आणि त्यांनी चिडून लफ्रॉइगचं पाणीच अडवलं. कोर्टाने ते सोडायला लावलं. मग लफ्रॉइगसारखीच व्हिस्की बनवायला १९०८ मध्ये त्यांनी लागाव्हुलिनच्याच आवारात 'माल्ट मिल' नावाची छोटी डिस्टिलरी उभारली. तांब्याची भांडी लफ्रॉइगसारखीच, पाणी आणि पीटही त्याच परिसरातलं. तरी चव जुळली नाही. १९६२ मध्ये माल्ट मिल बंद पडली. कुठली एक गोष्ट चव घडवते, असं मला कोणी विचारलं की मी हाच किस्सा सांगतो.

आणि बेसी विल्यमसन यांचं नाव लक्षात ठेवा. ग्लासगो विद्यापीठातून शिकलेली ही मुलगी १९३४ च्या उन्हाळ्यात काही महिन्यांच्या टायपिंगच्या कामासाठी आली आणि तिथेच राहिली. मालक इयन हंटर यांना पक्षाघात झाल्यावर कारभार हळूहळू बेसीबाईंच्या हाती आला. १९५४ मध्ये हंटर वारले, तेव्हा संस्थापक जॉन्स्टन घराण्याच्या या वारसाने डिस्टिलरी बेसीबाईंच्या नावे केली होती. पुढे त्यांनी ती टप्प्याटप्प्याने मोठ्या कंपनीला विकली, पण १९७२ मध्ये निवृत्त होईपर्यंत कारभार बघितला. त्या काळी पुरुषांच्याच मानल्या गेलेल्या या धंद्यात एका बाईने इतकी वर्षं डिस्टिलरी चालवली, याचं मला मनापासून कौतुक आहे.

आता तुमच्या बाटलीबद्दल. बर्फ टाकू नका, थंडीने वास दबतो. थोडीशी ओतून साध्या पाण्याचे चार थेंब घाला आणि दहा मिनिटं थांबा. आयोडीनच्या मागून गोडवा वर येईल. पहिल्या दिवशी नाही आवडली, तर झाकण घट्ट लावून ठेवा आणि महिन्याभराने पुन्हा चाखा.