नाशिकच्या मुलीला आइस डान्समध्ये करियर करून पुढे कोच होता येईल का?

दादा, तुमची लेक नऊ वर्षांची, रोलर स्केटिंग आणि कथक दोन्ही करते, आता आइस डान्स, म्हणजे बर्फावर स्केट्स घालून जोडीने करायचा नाच, बघून तिला तेच करायचंय आणि पुढे कोचिंगवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी गंगापूर रोडला पोरांना रोलरवर आर्टिस्टिक स्केटिंग शिकवते, बर्फावरची नाही मी, पण हा खेळ वेड्यासारखा फॉलो करते.

पहिलं म्हणजे स्पर्धेचं वय तिशीच्या आसपास संपतंच, त्यानंतरची सगळी वर्षं कोचिंगची. आणि त्यासाठी ऑलिंपिक मेडल लागतंच असं काही नाही. कॅनडाचे मारी-फ्रान्स दुब्रेय आणि पॅट्रिस लोझों बघा. 2006 च्या तुरिन ऑलिंपिकला पॅट्रिसने उचललेलं असताना मारी-फ्रान्स अशी आपटली की दोघांना ती स्पर्धाच अर्ध्यावर सोडावी लागली. पुढच्याच महिन्यात वर्ल्ड चॅम्पियनशिपला सिल्व्हर, 2007 ला परत सिल्व्हर, संपलं. मग माँट्रियलला शिकवायला लागले आणि 2018 च्या प्योंगचांगला गोल्डवाले व्हर्च्यू-मॉयर आणि सिल्व्हरवाले पापाडाकिस-सिझरॉन, दोन्ही जोड्या यांच्याच! 206.07 आणि 205.28, फरक पुरता एक पॉइंटसुद्धा नाही, आता कोचने टाळ्या कोणासाठी वाजवायच्या सांगा.

खरी अडचण मला वेगळीच दिसते, पार्टनर. डान्समध्ये पेअर्ससारखं (तो जोडीचाच दुसरा प्रकार) डोक्यावर उचलणं नाही, फेकून मारायच्या उड्या नाहीत, सगळा खेळ ब्लेडच्या कडांवर आणि दोघांतल्या अंतरावर. दोघांचे पाय इतके जवळ चालतात की डान्सच्या ब्लेडची मागची शेपटीच आखूड ठेवतात, नाहीतर एकाचं ब्लेड दुसऱ्याच्या ब्लेडला अडकायचं. फुगडीत कसं आपण समोरचीच्या भरवशावर मागे झुकतो तसंच आहे हे, पण वेगात आणि बर्फावर. आणि आपल्याकडे या वयाचा, रोज येणारा मुलगा मिळणं महाकठीण, माझ्या बॅचमधले सगळे पोरगे स्पीडकडे, म्हणजे शर्यतीच्या स्केटिंगकडे पळतात, डान्स म्हटलं की लाजतात.

म्हणून मी म्हणेन आत्ता तिला रोलरच्या आर्टिस्टिकमध्येच पक्की करा. त्यात कपल डान्स आहे, सोलो डान्सपण आहे, म्हणजे पार्टनर नाही म्हणून घरी बसायला नको. हैदराबादच्या अनुप कुमार यामाने 2010 च्या ग्वांगझू एशियन गेम्सला रोलरवरच दोन ब्राँझ आणलेत, एक सिंगल्सचं आणि एक अवनी पांचाळबरोबर पेअर्सचं. कथक अजिबात सोडू नका, ऱ्हिदम डान्समध्ये (आइस डान्सच्या स्पर्धेचा पहिला भाग) ताल चुकला तर मार्क जातात आणि तो कान स्केटिंगच्या क्लासमध्ये कोणी तयार करून देत नाही, मला तर तालात पक्की पोरगी आली की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

बर्फासाठी मात्र नाशिक सोडून जावं लागणार. देहरादूनची मोठी रिंक (बर्फाचं मैदान) 2011 च्या साउथ एशियन विंटर गेम्ससाठी बांधलेली, मधे बरीच वर्षं बंद होती, 2025 ला तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक (बर्फावरच्या शर्यतीची) स्पर्धा झाली. सुट्टीत नेणार असाल तर आधी फोन करून रिंक सर्वांसाठी कधी उघडी असते ते विचारून घ्या. आणि थंडी म्हणून जाड मोजे घालू नका हं, सगळे आईबाप हेच करतात, पाय बुटात हलतो आणि घोटा वळतो. पातळ मोजे आणि वर गरम पॅन्ट, बास.