गाडी थांबू शकते, विमा थांबू शकत नाही

प्रश्न : वय ५८. चोपडा तालुक्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे. घर तेथून आठ किलोमीटरवर. तीन आठवड्यांपूर्वी जळगावला उजवा खुबा बदलला. ३ लाख १० हजारांपैकी २ लाख ६० हजार विम्यातून मिळाले. डावा खुबाही झिजला आहे, असे डॉक्टर म्हणाले. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) दुकान पूर्ववत सांभाळायचे आहे, पण मोटारसायकल जमणार नाही. पाच लाखांच्या ठेवीतून दोन लाख काढून व बाकी कर्ज घेऊन साडेसात लाखांची गाडी घ्यावी का? महिन्याला ३५ हजार सुटतात. शस्त्रक्रिया झाल्यामुळे सहा वर्षे चाललेला आरोग्य विमा बंद केला. त्याची मुदत १२ दिवसांपूर्वी संपली. त्याच्या हप्त्याचे ३८ हजार ओळखीच्या एजंटाने हमी परताव्याच्या योजनेत भरून घेतले : दहा वर्षे हप्ता, पंधरा वर्षांनी साडेसहा लाख. कागद गेल्या आठवड्यात आले.

उत्तर : गाडीचे नंतर पाहू. वार्षिक हप्त्याच्या आरोग्य विम्याला मुदतीनंतर नूतनीकरणासाठी ३० दिवसांची सवलत असते. आपण पत्र लिहिले तेव्हा त्यातले १८ उरले होते, आता त्याहून कमी असतील. या काळात हप्ता भरला तर सहा वर्षांचे सातत्य टिकते, मात्र मधल्या दिवसांतल्या आजारपणाचा दावा मिळत नाही, म्हणून उद्याच भरावा. दावा घेतला या कारणावरून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. सातत्य तुटले, तर कृत्रिम सांधा बसवलेल्या ५८ वर्षांच्या माणसाला नवी पॉलिसी मिळेलच असे नाही, आणि मिळाली तरी आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. डावा खुबा तोवर कळ काढील का? ३८ हजार वाचवून तीन लाखांचे बिल अंगावर घेण्याचा हा व्यवहार, डॉक्टरांचे म्हणणे कानावर असताना, आपण कसा मान्य केलात हे मला समजत नाही.

ज्या योजनेसाठी हे केले, तिचा परतावा वर्षाला जेमतेम पाच टक्के पडतो, तोही वयाच्या ७३ व्या वर्षी. बँकेची साधी ठेवही याहून बरी. एजंट ‘हमी’ हा शब्द मोठ्याने उच्चारतात आणि टक्केवारी सांगतच नाहीत. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ही आयुर्विम्याची पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च व तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा हप्ता कापून बाकी रक्कम मिळते. तसा अर्ज एजंटाकडे न देता थेट कंपनीच्या शाखेत द्यावा आणि पोच घ्यावी. ती रक्कम येण्याची वाट न पाहता नूतनीकरणाचे पैसे ठेवीतून काढावेत.

आता गाडी. साडेपाच लाखांच्या कर्जाला पाच वर्षे महिना साडेअकरा हजारांचा हप्ता, वर इंधन, विमा, देखभाल. म्हणजे ३५ हजारांतले पंधरा-सोळा हजार गेले. हे सारे कशासाठी, तर काही आठवड्यांच्या अडचणीसाठी. बैठे काम साधारणतः सहा आठवड्यांनी जमते आणि मोटारसायकल, डॉक्टरांनी परवानगी दिल्यास, तीनएक महिन्यांनी. मधले सहा-सात आठवडे दिवसाला ४०० रुपये देऊन गावातली गाडी ठरवली, तरी पंधरा-सतरा हजारांत भागते. तिची बैठक उंच असावी, कारण सुरुवातीच्या काळात गुडघे खुब्याच्या वर जातील असे बसायचे नसते. मांडी घालणे आणि उकिडवे बसणेही तेव्हा वर्ज्य, त्यामुळे खापरावरच्या पुरणपोळ्या यंदा खुर्चीवर बसूनच खाव्या लागतील.

आखाजीला पूर्ववत होण्याची आशा मात्र सोडावी. कपाशीच्या बियाण्याची गर्दी मे-जूनमध्ये होईल, तेव्हा आपण गल्ल्यावर बसाल, पण ४५ किलोची युरियाची गोणी उचलणार नाही. त्यासाठी चार महिने माणूस ठेवावा लागेल. दहा हजारांप्रमाणे ४० हजार झाले. घरी कमोड नसेल तर तो आणि फिजिओथेरपी धरून आणखी वीस हजार. ठेव यासाठी वापरावी. फिजिओथेरपीची व औषधांची बिले जपून ठेवावीत, कारण रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा ६० किंवा ९० दिवसांचा खर्च बहुतेक पॉलिसी देतात, आणि आपण त्यासाठी अजून दावा केलेला दिसत नाही.