तुमचे प्रश्न : सासरी कोणती गाणी ऐकायची?

या वेळच्या टपालात चार पत्रं अशी निघाली, की लिहिणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नाही, पण अडचण एकच आहे. राजकारणात आपल्याला काय पटतं आणि गाण्या-नाटकांत काय आवडतं, हे घरात, सासरी, ऑफिसात उघड बोलावं की पोटातच ठेवावं? मी जन्माची नागपूरकर, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा. दसऱ्याला या शहरात दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं लोटतात आणि तिकडे रेशीमबागेत स्वयंसेवकांचा उत्सव असतो. १९२५ चा संघाच्या स्थापनेचा तो दसरा आणि १९५६ ची धम्मदीक्षा, दोन्ही इथल्याच. दोन्हीकडे जाणारी माणसं एकाच दुकानातून दूध आणतात. वेगळ्या मताच्या माणसाशेजारी राहायची आपल्याला सवय आहे. त्याच्याशी बोलायची सवय मात्र अलीकडे मोडत चालली आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे. जानेवारीत लग्न आहे. मुलगा चांगला, घरचे प्रेमळ. साक्षगंध झाल्यावर होणाऱ्या नणंदेनं माझ्या फोनवरची गाणी पाहिली. त्यात कव्वाल्या, भीमगीतं, जुनी हिंदी गाणी आहेत. लहानपणी आम्ही इंदोऱ्याजवळ भाड्यानं राहायचो, तेव्हापासून ही गाणी मला आवडतात. ती म्हणाली, "वहिनी, तू त्यांच्यातली आहे का?" मग सासऱ्यांनी विचारलं, "बेटा, मत कोणाला दिलं होतं?" मी हसून विषय बदलला. आता लग्नाआधी सगळं सांगून टाकू, की ती गाणीच फोनवरून काढून टाकू?

उत्तर : गाणी काढू नकोस. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तू कोणाला मत दिलंस, हे कोणालाही सांगायला तू बांधील नाहीस. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९४ नुसार कोणत्याही साक्षीदाराला किंवा इतर व्यक्तीला, तिनं मत कोणाला दिलं, हे सांगायला भाग पाडता येत नाही. कोर्टात जे विचारता येत नाही, ते बैठकीत चहाबरोबर विचारलं म्हणून द्यायलाच हवं असं थोडंच आहे? यंत्रावरचं बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, ती तुझ्या एकटीसाठी. नवऱ्यालाही सांगायची सक्ती नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, ती तुझी मर्जी. सासऱ्यांना मोकळेपणानं म्हण, "बाबा, मत मी माझ्यापाशीच ठेवते, पण मला कशाकशाची काळजी वाटते ते विचारा, सगळं सांगते." आणि मग खरंच सांग. रात्री ऑफिसातून येताना बस मिळत नाही, भावाची भरती रखडली आहे, जे असेल ते. अशा बोलण्यातून त्यांना त्यांची सून कळेल.

नणंदेचं बोलणं वेगळं आहे. तो प्रश्न गाण्याचा नव्हता, जातीचा होता. त्यावर हसून विषय बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भांडायचंही कारण नाही. शांतपणे म्हण, "मला ही गाणी आवडतात, एक ऐकवू का?" आणि ऐकव. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून ही गाणी माणसांच्या ओठांवर बसवली. त्यांत शाळा आहे, मजुरी आहे, आई आहे. आंबेडकर जयंतीच्या दिवसांत दोन पार्ट्या समोरासमोर बसून कव्वालीचा मुकाबला करतात, एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं त्याच चालीत जवाब द्यायचा. तो सवाल-जवाब ज्यानं मांडवात बसून ऐकला, त्याला ही गाणी का आवडतात ते समजावून सांगावं लागत नाही.

माझी सगळी नोकरी रेडिओवर झाली. फर्माईशीची पत्रं वाचणं हे माझं रोजचं काम होतं. काटोल, उमरेड, रामटेक, सावनेरहून पोस्टकार्डं यायची. एक कार्ड मला अजून दिसतं : निळ्या शाईचं, कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा ठसा, वर तुकडोजी महाराजांचं भजन मागितलेलं, त्याखाली भीमगीत, त्याखाली सिनेमातलं प्रेमगीत आणि शेवटी घरातल्या सगळ्यांची नावं, आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत. त्या घराचं मत कोणत्या पक्षाला जात असेल? कार्ड कितीही उलटसुलट करून पाहिलं तरी सांगता आलं नसतं. आजही फोनमधली गाणी पाहून ते सांगता येत नाही, तरी लोक सांगू लागले आहेत. मला याचीच चीड आहे. गझलकार सुरेश भट अमरावतीत जन्मले, पुढे नागपूरचे झाले, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि त्यांच्या नावाचं सभागृह २०१७ पासून रेशीमबागेत उभं आहे. तिथे नाटकं होतात, संमेलनं होतात, राजकीय मेळावेही होतात. हे शहर असं आहे, बेटा. तुझ्या फोनमधली गाणी त्याच शहराची आहेत.

आता महत्त्वाचं. नणंद बोलली तेव्हा तुझा होणारा नवरा तिथे होता का? असेल तर काय म्हणाला? पत्रात तू त्याच्याबद्दल एवढंच लिहिलंस की तो चांगला आहे. त्याच्याशी एकदा निवांत बोल, फुटाळ्यावर जा, कुठेही जा, पण घरच्यांशिवाय. त्याला काय आवडतं तेही विचार आणि ऐकून घे. "माझ्या घरात ऐक, मी आहे," असं तो म्हणाला तर नणंदेचं हळूहळू होईल. "कशाला वाद, तिथे नको ऐकत जाऊ," असं म्हणाला, तर ते हलक्यात घेऊ नकोस. आज गाणी आहेत, उद्या मैत्रिणी असतील. जानेवारीला अजून वेळ आहे, तारखेच्या धाकानं गप्प बसू नकोस.

प्रश्न : मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात आहे. कॉलनीच्या ग्रुपवर रोज राजकारण चालतं. मी काही लिहीत नाही म्हणून "घाबरला बे" म्हणतात. नियम नक्की काय आहे? सिनेमा-नाटकांवर लिहिलं तर चालेल का?

उत्तर : तुम्ही घाबरत नाही, नियम पाळता, आणि तसं ग्रुपवर एकदा सांगून मोकळे व्हा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ५ वाचा. शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचं सभासद होता येत नाही, प्रचारात भाग घेता येत नाही. मतदान करता येतं, पण मत कोणाला देणार किंवा दिलं, हे सुचवायचंसुद्धा नाही. शासनाच्या धोरणावर जाहीर टीकाही नियमांत बसत नाही. ग्रुप खासगी आहे म्हणून कोणी धीर देत असेल तर एवढंच लक्षात घ्या, की तिथलं लिहिलेलं साहेबांच्या टेबलावर पोचायला एक स्क्रीनशॉट पुरतो. नाटक आवडलं, सिनेमा पडेल वाटला, गाणं बेसूर झालं, हे खुशाल लिहा.

मीही नोकरीभर अशाच नियमांखाली होते. मत द्यायचे, बोलत नव्हते. निवृत्त झाल्यावर २८ सप्टेंबरला व्हरायटी चौकात विदर्भवाद्यांमध्ये जाऊन उभी राहिले. ते का, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा, इतवारीत माझं दुकान होतं. मुलगा पुण्याला नोकरीत. पोळ्याला घरी आला आणि जेवताना राजकारण निघालं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही चॅनेल पाहून बोलता." मी म्हणालो, "तू मोबाइल पाहून बोलतोस." तो ताटावरून उठला. आता फोन फक्त आईला करतो. मी माझं मत बदलावं काय?

उत्तर : भाऊ, मत बदलू नका. ते तुमचं आहे आणि ६४ वर्षांच्या जगण्यातून आलं आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याच इतवारीतून मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा, मिरवत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गाठ पडते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. मागून बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, येतात : महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी लोकांचं डोकं फिरवलेल्या कोणाचाही. "घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक भर रस्त्यात आपलं राजकीय मत ओरडून सांगतात, आणि शेजारी उभा असलेला विरोधी पक्षाचा कार्यकर्ताही तेच ओरडतो. तिथे भांडण होत नाही, कारण बडगा महागाईचा असतो, शेजाऱ्याचा नसतो. तुमच्या ताटावर नेमकं उलटं झालं. तुम्ही दोघं कोणत्याही प्रश्नावर बोललातच नाही. दोघांनीही समोरच्याला एवढंच सांगितलं, की तुझं डोकं तुझं नाही. असं कोणी म्हटलं की माणूस ताटावरून उठतोच.

माझं आणि माझ्या भावाचं सांगते. मी वेगळ्या विदर्भाची. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला, त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि नोकऱ्या द्यायचं कबूल केलं होतं. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं सिंचनाचा अनुशेष मोजून मांडला. १९९४ मध्ये विदर्भासाठी विकास मंडळ आलं, २०२० मध्ये त्याची मुदत संपली. पण माझं मत या तारखांनी झालेलं नाही. पत्रं वाचता वाचता झालं. कोरडवाहू शेतीच्या गावांतून यायची ती पत्रं, गाण्याच्या फर्माईशीखाली एक ओळ असायची : विहीर आटली, यंदा कापूस गेला. भाऊ माझा अखंड महाराष्ट्रवाला. तो रेल्वेत होता, मनमाड, परभणी, सोलापूर अशा बदल्या झाल्या. तो म्हणतो, "ताई, मराठवाड्यात मी आठ-आठ दिवसांनी नळ आलेला पाहिलाय. तू वेगळी झालीस तर त्यांच्यासाठी भांडणार कोण?" याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. त्याच्याकडे माझ्या कापसाला नाही. त्याचा मुद्दा ऐकल्यापासून मी विदर्भाबद्दल बोलताना मराठवाड्याला वगळत नाही. मत माझं तेच आहे, पण आधीपेक्षा जास्त जाणून मी ते धरलं आहे.

तुम्ही मुलाला फोन करा. आईच्या फोनवरून नको, तुमच्या. माफी मागायची गरज नाही, मुद्दाही नको. एवढंच विचारा, की तुला असं वाटू लागलं ते काय पाहून? त्याच्या कंपनीत, त्याच्या भाड्याच्या खोलीत, त्याच्या मित्रांत काय घडलं? तो बोलेल तेव्हा मध्ये तोडू नका. मग तुमचं सांगा. २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा दुकानात काय झालं, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर वही कशी बदलली, उधारीवाले कोण टिकले, कोण गेले. चांगलं झालं असेल तर चांगलं, वाईट झालं असेल तर वाईट. हे त्याला कोणत्याच चॅनेलवर मिळणार नाही आणि मोबाइलवरही नाही. माझा अंदाज आहे, की दुकानाचं हे सगळं तुम्ही त्याला आजवर कधी सांगितलेलंच नसेल.

प्रश्न : मी मूळचा वडसा भागातला, सध्या सिव्हिल लाइन्समध्ये बँकेत आहे. ऑफिसात सगळे वेब सीरिजवर बोलतात. मला झाडीपट्टीची नाटकं आवडतात. कोणी विचारलं तर मी "काही विशेष नाही पाहत" म्हणून सांगतो. सांगितलं तर हसतील ना?

उत्तर : एखादा हसेल. त्याला हसू द्या, तरीही सांगा.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दिवाळीनंतर, धान कापून झालं की मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते आणि रात्री नाटक उभं राहतं. वडसा म्हणजे या धंद्याची पेठ, नाटक मंडळ्यांची कार्यालयं तिथे आहेत आणि गावोगावची मंडळं तिथे येऊन तारीख पक्की करतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. रंगमंचापुढे वाद्यवाले बसतात, नट स्वतः गातो, मध्ये लावणी होते, आणि हजारो माणसं थंडीत जागची हलत नाहीत. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्या ऑफिसातल्या किती जणांनी एका बैठकीत रात्रभर काही पाहिलंय, ते एकदा विचारा.

"आवडतं" एवढं बोलून थांबू नका. एखादा प्रवेश सांगा, एखाद्या विनोदी नटाची नक्कल करा, गावातली कोणती म्हातारी कोणत्या प्रसंगाला रडते ते सांगा. आणि एका सहकाऱ्याला, जो सगळ्यात जास्त सीरिज पाहतो त्यालाच, शनिवारी घेऊन जा. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असं करत गाडी वडशाला पोचते. संध्याकाळी निघा, वाटेत जेवून घ्या, बसायला सतरंजी आणि माणशी एक जाड ब्लँकेट ठेवा, पहाटे फार गारठतं. परतताना गाडी रात्रभर जागलेल्या माणसानं चालवू नये, म्हणून तिसरा कोणी झोपणारा सोबत घ्या. सोमवारी तो सहकारी डबा खाताना काय म्हणाला, ते मला नक्की कळवा.