प्रवासातल्या शंका: सहा मित्र, एक आरव्ही आणि युटाचे लाल डोंगर

प्रश्न: आम्ही कॉलेजचे सहा मित्रमैत्रिणी, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. चौघं अमेरिकेत आहोत, दोघं पुण्याहून येतायत. सप्टेंबरच्या शेवटी नऊ दिवस आरव्ही, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन फिरायचं ठरलंय. लास वेगासहून निघून झायन, ब्राइस, आर्चेस, ग्रँड कॅन्यन आणि जमलं तर यलोस्टोन. सहा जण झोपतील एवढी मोठी गाडी बघून ठेवलीये. कोणीच आधी आरव्ही चालवलेली नाही. काय काय लक्षात ठेवू?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर: सगळ्यात आधी यलोस्टोन काढा, आणि ग्रँड कॅन्यनपण. वाईट वाटेल, पण आर्चेसजवळच्या मोआब गावाहून यलोस्टोनला पोचायला साध्या कारनेच अख्खा दिवस जातो आणि आरव्ही कारसारखी पळत नाही, चढाला तर अजिबात नाही. इतक्या वर्षांनी सहा जण एकत्र येताय तर संध्याकाळी खुर्च्या टाकून गप्पा मारायला वेळ नको का? झायनला दोन रात्री, ब्राइसला दोन, वाटेतल्या कॅपिटॉल रीफ पार्कला एक, मोआबला दोन आणि परतताना वाटेत एक, झाल्या आठ रात्री. मोआब ते वेगास साडेचारशे मैलांच्या वर आहे, ते एका दिवसात मारायला जाऊ नका.

आता गाडी. जाहिरातीत सहा जण झोपतात म्हणतात ते खरं असतं, पण कसे ते ऐका. दोघं मागच्या बेडवर, दोघं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर शिडी चढून, आणि दोघं जेवायच्या टेबलावर, जे रोज रात्री मोडून बेड करायचं आणि सकाळी परत लावायचं. ज्याला लवकर झोप येते त्याचाच बेड शेवटी तयार होतो. पन्नाशीत गुडघे आणि रात्री बाथरूमला उठणं दोन्ही धरून मी म्हणेन की 25 फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा असलेली आरव्ही) घ्या, त्यात चौघं झोपा, सोबत एक साधी कार घ्या आणि दोघांनी आळीपाळीने मोटेलमध्ये किंवा तंबूत राहा. खर्च थोडा वाढेल पण कारचा खरा उपयोग दिवसा होतो, कारण एकदा आरव्ही पाणी-वीज जोडून लावली की प्रत्येक पॉइंट बघायला सगळं सोडवून ती हलवणं नको वाटतं.

आणि झायनला तर कार हवीच. तिथून ब्राइसकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा माउंट कार्मेलचा बोगदा 1930 चा आहे, 1.1 मैल लांब, त्या काळच्या गाड्यांच्या मापाचा. मोठी गाडी आतल्या वळणांवर आपल्या लेनमध्ये मावत नाही. पूर्वी जादा पैसे भरले की समोरची वाहतूक थांबवून सोडायचे, पण जून 2026 पासून 11 फूट 4 इंचांपेक्षा उंच किंवा 7 फूट 10 इंचांपेक्षा रुंद गाड्यांना तो रस्ताच बंद केलाय, आणि भाड्याच्या क्लास सी बहुतेक या मापात बसत नाहीत. त्यामुळे आरव्ही हरिकेन, फ्रेडोनिया, कनाब अशी वळसा घालून न्यायची आणि कारवाल्यांनी बोगद्यातून जायचं, कनाबला भेटायचं. ड्रायव्हर आळीपाळीने बदला म्हणजे बोगद्यापलीकडचे ते रेघारेघांचे खडक जास्त जणांना बघायला मिळतील. झायनच्या मुख्य दरीत सीझनमध्ये स्वतःची गाडी नेता येत नाही, फुकट शटल असते.

ब्राइसला मी स्वतः चूक केलीये म्हणून सांगते. आम्ही आठ जण होतो, पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांनी गाडीतच निवांत अंघोळी केल्या आणि दुसऱ्या रात्री ग्रे टँक भरला, म्हणजे अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी जातं ती टाकी. ते पाणी बाथरूममध्ये उलटं वर यायला लागलं. पार्कच्या कॅम्पग्राउंडमध्ये जागेवर पाण्याचा नळ नाही, वीज नाही, ड्रेनेज नाही. त्यामुळे तिथे जायच्या आधी टाक्या रिकाम्या करून घ्या. आधी ब्लॅक म्हणजे संडासची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे न्या. हे काम रोज एकाच बिचाऱ्याच्या गळ्यात पडतं, म्हणून पाळ्या घरूनच लावून निघा. दुसरं म्हणजे थंडी, ब्राइस आठ हजार फुटांच्या वर आहे, सप्टेंबरअखेर रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, पुण्याच्या मंडळींना जाड जॅकेट आणायला आत्ताच सांगा.

ब्राइसहून कॅपिटॉल रीफला हायवे 12 ने जा, हा सगळ्या ट्रिपचा प्राण आहे. एस्कलांटे आणि बोल्डरच्या मध्ये हॉगबॅक म्हणून पट्टा लागतो, रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो आणि दोन्ही बाजूंना खोल दरी. ज्याला उंचीची भीती आहे त्याला तिथे स्टिअरिंगवर बसवू नका, सकाळच्या उजेडात पार करा, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. पुढे बोल्डर माउंटनवर 9,600 फुटांवर त्या दिवसांत ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली असतात, तिथे थांबाच. फोनला रेंज नसते, नकाशे डाउनलोड करा, पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. कॅपिटॉल रीफमधल्या फ्रुटाला जुन्या मॉर्मन (एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या) वस्तीच्या फळबागा आहेत, तोडणी चालू असेल तर हाताने सफरचंदं तोडता येतात.

स्वयंपाक गाडीत नको. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो आणि वास गाद्यांत बसतो. दोन बर्नरची शेगडी बाहेरच्या टेबलावर मांडा, पोहे, पिठलं-भात, खिचडी सगळं मस्त होतं. पैशाचं टीटीएमएम करू नका, आधीच सगळ्यांनी सारखी कॉन्ट्री काढा आणि एकाच कार्डावरून खर्च करा. पार्कमधल्या बऱ्याच जागांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे तुमच्यासाठी मार्चअखेर.

प्रश्न: माझे आईबाबा भारतातून येतायत, दोघंच कारने झायन आणि ब्राइस बघणार. नॅशनल पार्कांचा पास घ्यायचा का?
– एक वाचक, डॅलस

उत्तर: घ्या. 2026 पासून बाहेरच्या देशातल्यांसाठी वार्षिक पास 250 डॉलरचा झालाय, इथे राहणाऱ्यांना 80. पास नसेल तर झायन आणि ब्राइस दोन्हीकडे नेहमीच्या फीवर माणशी 100 डॉलर जादा पडतात, म्हणजे दोघांचे चारशे तिथेच गेले. पासपोर्ट गाडीत हाताशी ठेवायला सांगा, गेटवर पाससोबत फोटो असलेलं ओळखपत्र मागतात.