आरक्षणावर एकाच दिवशी दोन पेपरांत दोन उलट बातम्या का येतात? खरं काय ते कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्यातल्या एका पेपरात ‘सरसकट कुणबी दाखल्यांचा मार्ग मोकळा’ आणि दुसऱ्यात ‘ओबीसींच्या कोट्याला धक्का नाही’ अशी शीर्षकं एकाच सकाळी दिसतात. (कुणबी ओबीसींत मोडतात, म्हणून मराठा समाजातल्या ज्याला कुणबी दाखला मिळतो तो ओबीसी कोट्यात येतो.) मग खोटं कोण छापतंय, आणि चूक दिसली तर वाचकाने करायचं काय?

खोटं बहुतेक वेळा कोणीच छापत नाही. दोघांच्या हातात एकच सरकारी कागद असतो. तो कोणत्या पायरीवरचा आहे हे मात्र दोघांनीही वाचकाला सांगितलेलं नसतं. म्हणून शीर्षक वाचून झालं की आधी हे शोधा की बातमी कशावर उभी आहे: सभेतलं आश्वासन, मंत्रिमंडळाची मान्यता, अधिसूचनेचा मसुदा, शासन निर्णय म्हणजे जीआर, अध्यादेश, कायदा, की कोर्टाचा आदेश. मंत्रिमंडळाने मान्यता दिली म्हणून दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत काही बदलत नाही. जीआर निघाला की यंत्रणा हलते, पण जीआरला कायद्याच्या वर जाता येत नाही. अध्यादेश कायद्यासारखाच चालतो, फक्त अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. जुलै २०१४ मध्ये मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांना ५ टक्के आरक्षण देताना काढलेले अध्यादेशच होते. मुस्लिम आरक्षण शिक्षणापुरतं चालू ठेवायला उच्च न्यायालयाची हरकत नव्हती, तरी त्याचा कायदा झाला नाही आणि ते विझलं. कोर्टात हरलं म्हणून गेलं, असं आजही कोणी लिहितं तेव्हा ही पायरी गाळलेली असते.

मसुद्याच्या बाबतीत गोंधळ सगळ्यात जास्त होतो. २६ जानेवारी २०२४ ची ‘सगेसोयरे’वाली, म्हणजे कुणबी नोंद सापडलेल्यांच्या नातेवाइकांनाही दाखला देण्याची अधिसूचना आठवा. वाशीत मराठा आंदोलकांनी गुलाल उधळला, पण हातात आलेला कागद जात प्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांत दुरुस्ती सुचवणारा मसुदा होता आणि त्यावर १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती व सूचना मागवल्या होत्या. हरकती मागवल्यात म्हणजे नियम अजून झालेला नाही, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मे वाद सुटतात.

जीआर असेल तर तो स्वतः उघडून वाचा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकली की मिळतो. प्रत्येक जीआरला १८ अंकी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस असे असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोत संकेतांक नसेल, किंवा तो टाकून संकेतस्थळावर काहीच सापडत नसेल, तर त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. वाचताना ‘प्रस्तावना’ सोडून थेट ‘शासन निर्णय’ या मथळ्याखाली या. प्रस्तावनेत इतिहास आणि सदिच्छा असतात, बंधनकारक भाग खाली असतो. पेपरांतली अवतरणं बऱ्याचदा प्रस्तावनेतली असतात, कारण ती वाचायला भारदस्त वाटतात.

आणि सैल शब्दांवर बोट ठेवा: ‘सर्वसाधारणपणे’, ‘शक्यतो’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘चौकशी करून’. पहिलीपासून हिंदीच्या वादात याचं नमुनेदार उदाहरण आहे. १६ एप्रिल २०२५ च्या जीआरमध्ये हिंदी ‘अनिवार्य’ होती. विरोध झाल्यावर १७ जूनच्या जीआरमध्ये तिथे ‘सर्वसाधारणपणे’ आलं, आणि दुसरी भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी हवेत अशी अट आली. ज्याने शब्द पाहिला त्याला सक्ती गेली असं दिसलं, ज्याने २० ची अट पाहिली त्याला सक्ती मागच्या दाराने आली असं. दोघांचाही आधार एकाच पानावर होता. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही जीआर रद्द करत असल्याचं जाहीर केलं आणि प्रश्न नरेंद्र जाधव समितीकडे गेला.

तुमच्या प्रश्नातल्या दोन शीर्षकांचंही तसंच आहे. २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटियरचा (निजामकाळातल्या जुन्या सरकारी नोंदींचा) जीआर नवा कोटा देत नाही. तो गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती नेमतो आणि मराठवाड्यात कुणबी असल्याचा दावा कसा तपासायचा ते सांगतो. ज्याच्याकडे जमिनीचा पुरावा नाही, त्याने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले पूर्वज त्या भागात राहत होते असं प्रतिज्ञापत्र द्यायचं. (ओबीसी दाखल्यासाठी हीच तारीख मानली जाते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१.) दाखला सक्षम प्राधिकारी चौकशी करूनच देतो, आणि पुढे जात पडताळणी समिती असतेच. म्हणजे ‘सरसकट’ हा शब्द जीआरमध्ये नाही. पण नव्याने दाखले निघाले तर ते ओबीसींच्या आहे त्याच कोट्यात येणार, हेही खरं. म्हणून ‘धक्का नाही’ हे विधान नव्या कोट्याबद्दल असेल तर बरोबर, स्पर्धेबद्दल असेल तर वादग्रस्त. शीर्षकात यापैकी कोणता अर्थ आहे ते सांगायला जागा नसते. निदान तसं सांगितलं तरी जातं.

आकड्यांत तर दोन्ही बाजू बरोबर असूनही भांडतात. राज्यात एकूण आरक्षण ६२ टक्के की ७२? अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, ओबीसी १९, विमुक्त व भटक्या जमातींचे चार गट मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २. बेरीज ५२. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने एसईबीसीचे (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग, म्हणजे मराठा समाजाचे) १० आले, झाले ६२. आर्थिक दुर्बल घटकांचे १० धरले तर ७२. ओबीसींचं १९ की २७? राज्याच्या नोकऱ्या आणि शिक्षणात १९, केंद्रात २७, जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिकेच्या जागांत ‘नागरिकांचा मागास प्रवर्ग’ म्हणून २७ पर्यंत, आणि त्यात भटके-विमुक्तही आले. ४ मार्च २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या निवडणुकीच्या जागांबद्दल होता, नोकऱ्यांबद्दल नाही. ‘ओबीसी आरक्षण गेलं’ एवढंच शीर्षक वाचून नोकरीच्या काळजीत पडलेली मुलं तेव्हा कमी नव्हती.

सगळ्यात फसवा आकडा कुणबी नोंदींचा. २०२४ च्या सुरुवातीला ५४ लाख, ५७ लाख असे आकडे रोज छापले जात होते. ते दाखल्यांचे नव्हते. गाव नमुना १४, कोतवाल बुक, शाळेचा निर्गम उतारा अशा जुन्या दप्तरांत सापडलेल्या नोंदींचे होते. एका पणजोबाच्या नोंदीवर वीस वारस दाखला काढू शकतात, आणि ज्यांच्याकडे दाखला आधीपासून आहे त्यांच्याही नोंदी याच मोजणीत येतात. त्यातला मोठा वाटा विदर्भाचा होता, जिथे कुणबी दाखले पिढ्यान्‌पिढ्या निघतात. ज्या मराठवाड्यासाठी आंदोलन पेटलं तिथल्या नोंदी काही हजारांतच होत्या. म्हणून असा आकडा दिसला की विचारा: नोंदी, अर्ज, दिलेले दाखले, की पडताळणी होऊन वैध ठरलेले दाखले? चार वेगळे आकडे आहेत. बातमीत यातलं काय ते लिहिलेलं नसेल तर आकडा बाजूला ठेवा.

कोर्टाच्या बातम्यांत क्रियापद पाहा. ‘न्यायालयाने विचारलं’, ‘सुनावलं’, ‘ताशेरे ओढले’ ही सुनावणीतली तोंडी वाक्यं. आदेशात ती उतरतातच असं नाही. ‘स्थगिती’ म्हणजे रद्द नव्हे. एसईबीसीचा २०१८ चा कायदा उच्च न्यायालयाने २७ जून २०१९ ला वैध ठरवला, पण १६ टक्क्यांचे शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्के केले. ९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. ५ मे २०२१ ला तो कायदा रद्द झाला. मधल्या आठ महिन्यांत ‘आरक्षण रद्द’ म्हणणारेही चुकत होते आणि ‘आरक्षण कायम आहे’ म्हणणारेही.

आता पेपराच्या आतलं थोडं, कारण नुसता कागद वाचून शीर्षकाचं कोडं सुटत नाही. तालुक्याची बातमी वार्ताहर पाठवतो. त्याला मानधन तुटपुंजं असतं आणि बऱ्याच ठिकाणी जाहिराती आणण्याचं कामही त्याच्याकडेच असतं. शीर्षक तो देत नाही, ते जिल्ह्याच्या डेस्कवर पडतं. त्यामुळे मजकूर संयत आणि शीर्षक भडक असं दिसलं तर तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदावर विश्वास ठेवा. डाक आवृत्ती लवकर छापायला जाते, शहर आवृत्ती रात्री उशिरा. मुंबईत रात्री अकराला बोलणी मिटली तर गावाकडच्या अंकात ‘चर्चा निष्फळ’ आणि शहराच्या अंकात ‘तोडगा निघाला’ असं येऊ शकतं, आणि पेपर एकच असतो. नावाच्या जागी ‘वार्ताहर’ किंवा ‘प्रतिनिधी’ एवढंच असेल आणि तोच मजकूर शब्दशः दुसऱ्या पेपरातही असेल, तर ते प्रसिद्धिपत्रक आहे, मग ते जिल्हा माहिती कार्यालयाचं असो की संघटनेचं. शेवटी ‘वा. प्र.’ दिसलं तर तो वाणिज्य प्रतिनिधी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात. ती एकदा वाचून ठेवा. ‘सामना’ पक्षाचं मुखपत्र आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण जिल्हा दैनिकाचा मालक कोणत्या सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळावर आहे हे शेजारच्या तालुक्यालाही माहीत नसतं. पक्षाशी बांधीलकी असण्यात गैर काही नाही. मराठी वृत्तपत्रं तशीच वाढली. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्याच्या वेळी, मुलींच्या संमतीचं वय दहाचं बारा करायचं की नाही यावरून ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांत जे झालं त्यापुढे आजची भाषा सौम्यच म्हणायची. फरक एवढाच की तेव्हा कोण कुठे उभा आहे हे वाचकाला आधीच ठाऊक होतं.

मोर्चाच्या गर्दीचा आकडा स्वतः काढता येतो. उभी, सैल गर्दी दर चौरस मीटरला साधारण दोन माणसं, खांद्याला खांदा लागलेली चार. १०० बाय ८० मीटरचं मैदान काठोकाठ भरलं तरी १६ ते ३२ हजार. १२ मीटर रुंद रस्ता एक किलोमीटर भरला तर २४ ते ४८ हजार. गर्दी वाहती असेल तर आकडा वाढतो, पण एका मैदानात ‘दोन लाख’ छापलं असेल तर मैदान मोजून बघा.

आता चूक दिसली तर काय करायचं. संपादकाला लिहिलेल्या पत्राचा उपयोग होतो, पण एका अटीवर: पत्रात मत कमी आणि दुरुस्ती जास्त हवी. बातमी आल्यापासून दोन दिवसांत पाठवा. दीडशे ते दोनशे शब्द, त्यापुढे कात्री लागते आणि नेमका पुरावाच कापला जातो. पहिल्याच वाक्यात तारीख, पान आणि शीर्षक. मग एकच मुद्दा: तुमच्या बातमीत अमुक आहे, जीआरच्या अमुक परिच्छेदात तमुक आहे. संकेतांक द्या. मजकूर युनिकोडमध्ये, मेलच्या मजकुरातच चिकटवलेला. फोटो किंवा पीडीएफ पाठवलं तर पुन्हा टाइप करायला कोणी बसत नाही. खाली पूर्ण नाव, पत्ता, फोन. टोपणनावाने आलेलं पत्र या विषयावर कोणी लावत नाही. तोच मजकूर पाच पेपरांना पाठवू नका, दोन ठिकाणी छापून आला की पुढच्या पत्राला दार बंद होतं.

समाजाबद्दल नव्हे, निर्णयाबद्दल लिहा. ही सभ्यतेपुरती सूचना नाही. जातीधर्मांत वैर वाढवणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बदनामीचं कलम ३५६. अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवणारं लेखन अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात येतं. आणि पत्र छापलं म्हणून सगळी जबाबदारी संपादकावर जात नाही, लिहिणाराही त्यात असतो.

पत्र छापलं नाही आणि बातमीतली चूक ठळक असेल तर संपादकाला लेखी खुलासा पाठवा आणि पोच ठेवा. त्यावरही काही झालं नाही तर भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिकासाठी मुदत प्रसिद्धीपासून दोन महिने. सोबत कात्रण, त्याचं इंग्रजी भाषांतर, संपादकाला पाठवलेल्या पत्राची प्रत, आणि याच विषयावर कोर्टात प्रकरण चालू नसल्याचं घोषणापत्र लागतं. बऱ्याच तक्रारी भाषांतर नाही किंवा संपादकाला आधी लिहिलंच नाही म्हणून पहिल्याच टप्प्यावर अडकतात. कौन्सिल समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड करू शकत नाही. वृत्तवाहिन्या आणि यूट्यूबवरचे जिल्हा चॅनेल तिच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे पेपरातली बातमी आणि त्याच पेपराच्या चॅनेलवरचा व्हिडिओ अशा दोन्हींवर तक्रार असेल तर कौन्सिलकडच्या अर्जात फक्त छापील कात्रणाबद्दल लिहा.