गोरखातल्या त्या घराचे आभार कसे मानू?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या एका माध्यमिक विद्यालयात गणित शिकवते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका संस्थेमार्फत नेपाळमधल्या गोरखा जिल्ह्यातील एका खेड्यात मी सतरा दिवस स्वयंसेविका म्हणून राहिले. शाळेचे वाचनालय लावून द्यायचे काम ठरले होते. परंतु तिहारच्या, म्हणजे तिथल्या दिवाळीच्या, सणासाठी शाळा बंद असेल, हे संस्थेने सांगितलेच नव्हते. त्यामुळे पहिले सहा दिवस, जिथे उतरले होते त्या घरी, मी नुसती बसून जेवले. घरातली आमा, म्हणजे आई, मला ‘छोरी’ म्हणत असे, माझ्यासाठी दही-चिउरा आणि सेल रोटी बाजूला काढून ठेवत असे आणि पहाटे गारठा वाढला की स्वतःची शाल माझ्या पांघरुणावर टाकून जात असे. तिचा मुलगा कतारमध्ये कामाला आहे. भाईटीकेच्या दिवशी बहिणीने त्याला मोबाईलवरूनच ओवाळले आणि उंबरठ्यावर अक्रोड फोडला. सोलकढी कशाची करतात, हे आमाला समजावण्यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली आणि तरीही तिला ते कळले नाही. नंतर मी साडेतीनशेच्या आसपास पुस्तके लावली, एवढेच माझे काम. परत आल्यापासून मन भरून येते आणि लाजही वाटते. इतके थोडे असून ती माणसे इतकी आनंदी कशी, आणि सगळे असून आपण कुरकुरतो का, असे मनात येत राहते. त्या घरी दहा हजार रुपये पाठवावेत का? इकडे आई रुसली आहे. ‘तिथल्या बाईचे एवढे कौतुक, आम्ही काय तुला इतकी वर्षे उपाशी ठेवले?’ असे ती म्हणते.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ‘इतके थोडे असून इतकी आनंदी’ हे तुमचे वाक्य मला खटकले, ते आधी सांगून टाकतो. आपण गोमंतकीयांनी तरी ते जपून वापरावे. चार दिवस कळंगुटला राहून गेलेला पाहुणा आपल्याला ‘सुशेगाद’ म्हणतो, तेव्हा कसे वाटते ते आठवून पाहा. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत एवढाच. पण पाहुण्याच्या तोंडून तो आला की भल्या पहाटे सायकलवर पाव घेऊन निघालेला पोदेर, भर उन्हात काजूची बोंडे वेचणाऱ्या बाया आणि घराचे हप्ते फेडण्यासाठी बोटीवर गेलेला भाऊ, हे सगळे त्या एका शब्दाखाली झाकले जातात. आमा हसत होती, कारण सण होता आणि घरी पाहुणी आली होती. तिच्या डोक्यावर कर्ज किती, हे त्या हसण्यावरून तुम्हाला कळले नसणार. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाचा केंद्रबिंदू त्याच जिल्ह्यात, बारपाकजवळ होता. नेपाळभर सुमारे नऊ हजार माणसे त्यात दगावली. मदतीला येणारे, फोटो काढणारे आणि परत जाणारे लोक त्या मुलखाने पुष्कळ पाहिले आहेत. तिथल्या माणसांकडे पाहून ‘देवा, मला बरे ठेवलेस’ असे म्हणणाऱ्याचे आभार देवाकडे जातात आणि आमाच्या वाट्याला तेवढी कीव उरते.

शालीचे मात्र तसे नाही. त्या शालीसाठीच तुम्ही हे पत्र लिहिले, असे मी धरून चालतो.

आमाच्या मुलाला तुम्ही एका वाक्यात उरकले आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात आहे. परमुलखात गेलेला मुलगा आपल्याकडच्या घरांनाही नवा नाही. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गोव्यातल्या गावागावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक राहण्याच्या जागा, असत, काही अजूनही आहेत. बोटीची वाट पाहणारा तारवटी आपली पेटी तिथे ठेवून राहत असे आणि इकडे त्याची आई, तो आज काय जेवला असेल, याचा विचार करत असे. आपला मुलगा परक्या ताटात जेवतो, हे जिला ठाऊक असते ती बाई दारात आलेल्याला वाढताना हात आखडत नाही. तुमच्या पांघरुणावर शाल टाकताना तिच्या मनात तुम्ही होतात की तो, हे तिलाही सांगता येणार नाही. म्हणूनच, तुम्ही काम केलेत किती आणि जेवलात किती, या हिशेबाची लाज बाळगू नका. तो हिशेब त्या घराने मांडलेलाच नाही.

आता पैशांविषयी. संस्थेने तुमच्या राहण्याजेवणाचे पैसे त्या घराला दिले होते का, ते प्रथम विचारून घ्या. दिले नसतील तर ती थकबाकी समजा आणि संस्थेच्या मागे लागून ती चुकती करायला लावा. त्यापलीकडे दहा हजार रुपये एकदम पाठवू नयेत, असे माझे मत आहे. नेपाळी रुपयाचा दर आपल्या एका रुपयाला एक रुपया साठ पैसे असा १९९३ पासून बांधलेला आहे. म्हणजे तिथे त्या रकमेचे सोळा हजार होतात आणि खेड्यातल्या घरासाठी ही रक्कम लहान नव्हे. ती आली की आमाला तुम्हाला उलट काहीतरी द्यावेसे वाटेल, किंवा पुढच्या पाहुणीकडून अपेक्षा निर्माण होईल, दोन्ही नकोत. शाळेसाठी काही करायचे असेल तर मुख्याध्यापकांना विचारून, नेपाळी भाषेतली जी पुस्तके हवी असतील ती तिथल्याच दुकानातून घेववा.

‘आभार’ या शब्दातच भार आहे, आणि आपल्याकडे तो उतरवण्याची घाई फार. सभेच्या शेवटी आभारप्रदर्शन सुरू होते, तेव्हा अर्धे श्रोते चहाकडे वळलेले असतात. त्यापेक्षा आपल्या म्हाताऱ्या माणसांचे ‘देव बरें करूं’ मला शहाणपणाचे वाटते. फेडण्याचे काम देवावर सोपवून माणूस निवांतपणे ऋणात राहतो. तुम्ही पत्र लिहा, हाताने. नेपाळीची लिपीही देवनागरीच आहे. तुमचे साधे हिंदी शाळेतले कोणीही आमाला वाचून दाखवील. पत्रात ‘तुम्ही लोक’ असे कुठेही नको. शालीविषयी लिहा, मुलाची खुशाली विचारा आणि त्याच्या बहिणीचा एखादा फोटो छापून सोबत घाला.

आईचा मुद्दा अधिक नाजूक आहे, कारण तो बरोबर आहे. नरकचतुर्दशीला तुम्ही घरी नव्हतात, आणि तरीही तिने रोसातले, ताकातले, दुधातले फोव, म्हणजे पोहे, केले असणार. ते तिने कोणासाठी केले, असे तुम्ही विचारले का? आपल्या घरांत आईला ‘थँक्यू’ म्हटले तर काहीतरी बिनसले, असे तिला वाटते. तेव्हा ते म्हणू नका. सेल रोटीचे वर्णनही आता पुरे. तिला कतारमधल्या मुलाची गोष्ट सांगा, मोबाईलसमोर धरलेल्या टीकेची. बाकीचे तिचे तिला समजेल.

आणि एक सुचवतो, पटले तर करा. गोव्यातल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आणि इमारतींच्या फाटकांवर नेपाळची कितीतरी मुले आहेत, तिहारला घरी न जाता आलेली. येत्या दिवाळीला तुमच्या ओळखीच्या एखाद्याला सकाळी फोव खायला बोलवा. डबा नेऊन देऊ नका, घरात बसवून वाढा, आणि वाढायचे काम आईकडे द्या. तो त्या फोवांना चिउरा म्हणेल.

सोलकढीचा घोळ मात्र पत्राने सुटणार नाही. सोलां पाठवावी लागतील. कोणी तिकडे जाणारे भेटले तर त्याच्याबरोबर द्या, आणि देण्यापूर्वी दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर वाटेत बुरशी धरेल.